बागेतल्या रेल्वेचा घाट: आधी पाण्याची वाट, मग डोंगर आणि स्टेशन

प्रश्न असा आहे: बंगल्यामागे २० बाय ३० फुटांचे अंगण आहे. ४५ मिमी गेजचा (म्हणजे दोन रुळांमध्ये तेवढे अंतर असलेला) पितळी रूळ टाकून झाला, गाडी चांगली धावते. आता नेरळ–माथेरानसारखा देखावा हवा आहे. डोंगर, बोगदा, पूल, स्टेशन. थर्माकोलचा डोंगर आणि एमडीएफचे स्टेशन करून पाहिले, पहिल्याच पावसाळ्यात दोन्ही गेले. टिकणारे काय करावे आणि कुठून सुरुवात करावी?

थर्माकोल आणि एमडीएफ गेले यात तुमच्या हाताचा दोष नाही. पुण्यात कोथरूडचे मिनिएचर रेल्वेचे संग्रहालय पाहून आलेल्या माणसाला बागेतही तसेच करावेसे वाटते. पण ते काम छपराखालचे आहे. तिथे प्लास्टर, फोम, रंगवलेला भुसा वर्षानुवर्षे राहतो. बागेत गाडी लहान होते, पाऊस लहान होत नाही. ऊन, पालापाचोळा, मुंग्या, गोगलगायी सगळे खऱ्या मापाचेच येतात. तेव्हा बागेतली प्रत्येक वस्तू खऱ्या बांधकामासारखी बांधायची: पाया, ओळंबा, पागोळीचे पाणी, चर, सगळ्यासकट.

माझे ठाम मत असे की घाटातल्या रेल्वेत डोळ्याला जे सुंदर दिसते, त्यातले निम्मे पाण्याच्या बंदोबस्तासाठी बांधलेले असते. माथेरानच्या रुळाशेजारून चालताना डोंगराकडची चर, रुळाखालच्या मोऱ्या, दरीकडच्या दगडी भिंती आणि त्यांच्यातली पाणी निघून जाण्याची भोके नीट बघा. १९०७ मध्ये सुरू झालेली ही रेल्वे २६ जुलै २००५ च्या पावसात ठिकठिकाणी वाहून गेली आणि पुन्हा सुरू व्हायला २००७ उजाडले. तुमच्या अंगणात हाच सामना लहान प्रमाणात दरवर्षी होणार. ६०० चौरस फुटांवर ५० मिमी पाऊस पडला तर ते पाणी जवळजवळ २,८०० लिटर होते. त्यात गच्चीची पन्हळ अंगणात उतरत असेल तर हिशेब आणखी वाढतो. म्हणून चर, मोरी आणि भिंत आधी आणि खरोखर काम करतील अशा बांधा. देखाव्याचा मोठा भाग तिथेच तयार होतो.

पाण्याची वाट शोधायला लेव्हल ट्यूब (पातळी बघायची पाण्याची नळी) वगैरे नंतर. जोराच्या सरीत छत्री घेऊन अंगणात उभे राहा, पाणी कुठून येते, कुठे थबकते, कुठून जाते ते पाहा आणि उघडीप मिळताच त्या वाटांवर फक्कीच्या रेघा मारा. पावसाळा लांब असेल तर होजपाइपने पाणी सोडून पाहा. पूर्ण खरे चित्र मिळत नाही, पण मुख्य ओघळ कळतात. रूळ जिथे या रेघेला छेदतो तिथे मोरी हवीच. ५० मिमीचा पीव्हीसी पाइप भरावातून किंचित उतार देऊन आरपार घाला आणि दोन्ही तोंडांना दगडी दर्शनी भिंत करा. पाइपाची कड दगडाच्या आत अर्धा इंच ठेवली की पाइप दिसत नाही, फक्त काळोखी कमान दिसते. डोंगराकडच्या बाजूला रुळाला समांतर चर, दर मीटरला निदान एक सेंटिमीटर उतार. रूळ जमिनीबरोबर टाकला असेल तर तो उचलून १०–१५ सेंटिमीटर भरावावर घ्या: खाली डबराचे सोलिंग (मोठ्या दगडांचा थर), वर मुरूम ठोकून, मग खडी. हे काम कंटाळवाणे वाटेल. पण पुढचे सगळे यावरच उभे राहणार आहे.

खडीबद्दल थोडे. खऱ्या रुळाखालची खडी साधारण ५० ते ६५ मिमीची. आपल्या प्रमाणात (१:२२.५, त्याचा हिशेब पुढे येतो) ती दोन ते तीन मिमी होते. क्रशरवरची कच आणा, दोन चाळण्यांमधून काढा, वरची जाड आणि खालची धूळ दोन्ही बाजूला ठेवा. काही जण ती सिमेंट किंवा गोंद घालून पक्की करतात. मी तसे करू नका असे सांगेन. सुटी खडी पाणी सोडते आणि पावसाळ्यानंतर दोन घमेली टाकून पुन्हा नीट करता येते. शिवाय पितळ उन्हाने वाढते. तीन मीटर रुळात पहाटेच्या थंडीपासून मे महिन्याच्या उन्हापर्यंत जवळजवळ तीन मिमी फरक पडतो. रूळ सिमेंटमध्ये पकडला तर तो कुठेतरी वाकून वर येणारच. पुलावर आणि बोगद्याच्या तोंडाशीही त्याला सरकायला जागा ठेवा.

आता माप. ४५ मिमी गेजवर १:२२.५ या प्रमाणात बागेतली रेल्वे लोकप्रिय केली ती जर्मनीच्या न्यूरेंबर्गमधल्या लेमान कंपनीने, १९६८ पासून, एलजीबी या नावाने. आणि त्या प्रमाणात ४५ मिमी म्हणजे मीटरगेज, एक मीटर रुंदीचा रूळ. नेरळ–माथेरान दोन फुटी, म्हणजे ६१० मिमीची. तिचे काटेकोर मॉडेल करायचे तर १:१९ प्रमाण आणि ३२ मिमी रूळ हवा. तुमचा रूळ पडलेला आहे, तो उखडू नका. बघणाऱ्याची नजर रुळाची रुंदी मोजत नाही, ती डब्याचे दार, स्टेशनचे दार आणि शेजारी उभा माणूस यांची तुलना करते. हे तीन जुळले की बाकीचे खपते. म्हणून डबे १:२२.५ चे असतील तर इमारतीही त्याच मापाच्या. हिशेब सोपा आहे: एक फूट म्हणजे साडेतेरा मिलिमीटर. सात फुटी दार ९५ मिमी, साडेपाच फुटी माणूस ७५ मिमी, नऊ इंची वीट दहा मिमी, चाळीस फुटी झाड ५४ सेंटिमीटर. हा आकडा भिंतीवर खडूने लिहून ठेवा. स्टेशनचा फोटो असेल तर दाराची उंची सात फूट धरून त्यावरून बाकीची मापे काढता येतात.

त्याच हिशेबाने हेही कळते की पूर्ण मार्ग करणे शक्य नाही. सुमारे २१ किलोमीटरचा मार्ग म्हणजे नऊशे मीटरहून जास्त रूळ, आणि साडेसातशे मीटरची चढण म्हणजे अंगणात अकरा मजली इमारतीएवढा डोंगर. म्हणून निवड करायची. तुमच्या जागेत मी तीनच ठिकाणे घेईन: भिंत आणि मोरी असलेले एक वळण, एक छोटा बोगदा, एक स्टेशन. मध्ये नुसती झाडी आणि जमीन राहू द्या. लोक प्रत्येक फुटात काहीतरी उभे करतात आणि मग गाडी कुठूनही कुठे जात नाही असे वाटते. मधली मोकळी जागाच प्रवासाचा भास देते. उताराबाबतही खऱ्या रेल्वेची नक्कल नको. तिथे वीसात एक चढ आहे. आपण पन्नासात एकच्या पुढे जाऊ नये. चढ जास्त दिसावा असे वाटत असेल तर रुळाशेजारची जमीन उलट दिशेने उतरती करा.

डोंगरावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवायला सांगेन. आपल्याकडे बागेतला डोंगर बहुतेकदा सिमेंटचा गोल उंचवटा होतो, गणपतीच्या सजावटीतला असतो तसा. सह्याद्री असा नाही. तो लाव्ह्याच्या थरांवर थर साचून झालेला. म्हणून कडा, मग उतरती झाडीची पट्टी, पुन्हा कडा, पुन्हा पट्टी, आणि माथ्यावर सपाटी. थर आडवे, कड्यावरच्या भेगा उभ्या. माथेरानच्या माथ्यावर जांभा आणि तांबडी माती, खाली काळा बसाल्ट. एवढे पाळले तर हात फारसा कसलेला नसला तरी तुमचा डोंगर सह्याद्रीचा दिसेल. आणि हे चुकले तर कितीही बारीक रंगकाम करा, तो परका वाटेल.

त्यासाठी खरा दगडच वापरा. पाथरवटाकडे किंवा खाणीवर काळ्या दगडाच्या चपट्या कपच्या स्वस्तात मिळतात. सगळ्या कपच्यांचे थर एकाच पातळीत, आडवे बसवा. एक जरी कपची तिरकी घातली तरी खडकाचा भास मोडतो. मोठे तुकडे खाली, लहान वर, आणि प्रत्येक दगडाचा एक तृतीयांश भाग मातीत गाडलेला. दोन कड्यांच्या मध्ये चार ते सहा इंच रुंद मातीची पायरी ठेवा, झाडे तिथे लागतील. या पायरीला किंचित आतला उतार असला की पावसात माती रुळावर येत नाही. आत मुरलेले पाणी मात्र मागून सोलिंगमधून खालच्या चरीत गेले पाहिजे. माथ्यासाठी कोकणातून येणारा जांभ्याचा फुटका चिरा आणा. तो करवतीने कापता येतो, छिन्नीने सहज घडतो आणि त्याच्या भोकांमध्ये शेवाळ लवकर धरते. स्टेशनचे जोतेही मी यातूनच करतो.

जिथे दगडाचे वजन नको किंवा आत पोकळी हवी तिथे फेरोसिमेंट. बोगदा हा त्याचाच धंदा. सहा मिमी सळईचा सांगाडा, त्यावर कोंबडीजाळीचे दोन-तीन पदर तारेने घट्ट बांधलेले, आणि एकास दोन सिमेंट–वाळूचा कमी पाण्याचा माल हाताने दाबून भरलेला. १५ ते २० मिमी जाडी पुरते. जाळी कुठेही उघडी राहू देऊ नका, गंज तिथूनच सुरू होतो. आठवडाभर ओल्या गोणपाटाखाली ठेवा. क्युरिंग टाळलेले फेरोसिमेंट दुसऱ्या उन्हाळ्यात केसासारख्या भेगा दाखवते आणि मग पाणी आत जाते.

बोगद्याचे दोन नियम मी कधी मोडत नाही. पहिला, हात पोहोचेल एवढाच लांब. दोन्ही बाजूंनी हात घालून मधली घसरलेली गाडी काढता आली पाहिजे. त्याहून लांब हवा असेल तर वर झाकण ठेवा आणि झाकणावर गवत लावा. माथेरानचा प्रसिद्ध वन किस टनेल मुळातच अगदी छोटा आहे, त्यामुळे इथे तुम्हाला तडजोडही करावी लागत नाही. दुसरा, तोंडाचे माप कागदावरून ठरवू नका. वळणावर डब्याचा मध्य आतल्या बाजूला येतो आणि टोके बाहेर फेकली जातात. डब्याखालच्या दोन चाकगाड्यांमधले (बोग्यांमधले) अंतर ३०० मिमी आणि वळणाची त्रिज्या १.२ मीटर असेल तर मध्य सुमारे साडेनऊ मिमी आत येतो. सगळ्यात लांब डब्याच्या मध्याला आणि टोकांना पेन्सिल बांधून तो हाताने ढकला, दोन्ही रेघांच्या बाहेर १५ मिमी सोडा. पावसाळ्यात गाडी बंद असते तेव्हा दोन्ही तोंडांना जाळीचे झाकण लावा. बोगदा कोरडा आणि काळोखी असतो. विंचू, उंदीर आणि क्वचित साप यांना तो आवडतो. मुलांना टॉर्च मारून पाहिल्याशिवाय आत हात घालू देऊ नका.

कमानी पूल करायचा असेल तर ११० मिमीचा पाइप उभा चिरून अर्धा घ्या. आपल्या मापात ती आठ फुटी कमान झाली. सनबोर्डाच्या (पीव्हीसी फोमच्या फळीच्या) पेटीत ते अर्धे पाइप तेल लावून ठेवा, एकास तीन माल भरा, आत दोन सळया. दुसऱ्या दिवशी साचा सोडवला की माल अजून कोवळा असतो. तेव्हा खिळ्याने दगडांच्या रेषा कोरा. थर आडवे, उभे सांधे एकावर एक न येणारे, कमानीचे दगड पाचरीच्या आकाराचे आणि संख्येने विषम, म्हणजे मधोमध कळीचा दगड येतो. दोन्ही टोकांना पूल मातीवर टेकवू नका, काँक्रीटच्या ठोकळ्यावर टेकवा. काजळी आणि काव मालातच थोडी मिसळली तर वर रंग द्यावा लागत नाही आणि टवका उडाला तरी आत पांढरे दिसत नाही. जुनेपणा यावा म्हणून ताकात शेणाचे पाणी कालवून सावलीच्या बाजूला फासा, पावसाळ्यात शेवाळ धरू लागेल.

स्टेशनकडे येऊ. प्लायवूड, एमडीएफ, फेव्हिकॉल आणि पुठ्ठा पूर्ण वर्ज्य. भिंतींसाठी सहा किंवा आठ मिमी सिमेंट बोर्ड, नाहीतर दाट प्रतीचा पीव्हीसी सनबोर्ड. सनबोर्ड कापायला सोपा, त्यावर विटा-दगडांच्या रेघा छान उमटतात, पाण्याने काही होत नाही. पण उन्हाने होते. पीव्हीसी ७५–८० अंशांच्या आसपास मऊ पडते आणि गडद रंगाचे छप्पर मे महिन्याच्या दुपारी जवळजवळ तेवढे तापू शकते. म्हणून भिंती सनबोर्डाच्या चालतील, छप्पर नाही. भिंतीही आतून ॲल्युमिनियमच्या अँगलने बांधा, कोपऱ्यात एपॉक्सी आणि स्टेनलेस स्क्रू दोन्ही. नुसत्या डिंकावर बागेत विश्वास ठेवायचा नाही.

छपराचा पत्रा पातळ ॲल्युमिनियमचा. खऱ्या नालीदार पत्र्याच्या नाल्या तीन इंचांवर असतात, म्हणजे आपल्याकडे ३.४ मिमीवर. सागवानी फळीवर त्या अंतराने खाचा पाडा किंवा सायकलचे स्पोक शेजारी शेजारी चिकटवा, त्यावर पत्रा ठेवून बोथट पेनाने एकेक नाली दाबत जा. सहा बाय दोन फुटांचा एक पत्रा म्हणून तुकडे कापा आणि खालून वर एकावर एक चढवत लावा. सलग मोठा पत्रा दाबून छप्पर केले की ते खेळणे वाटते. वेगळ्या पत्र्यांचे सांधे, एखादा थोडा सरकलेला, एखादा नवा, यातून ते खरे होते. मंगलोरी कौले हवी असतील तर एक कौल साधारण १८ बाय ११ मिमी पडते. सिलिकॉनचा साचा करून मालाच्या पट्ट्या ओता आणि रिपांवर बसवा. वेळखाऊ आहे, पण माझ्या मते बागेत कौलारू छपरासारखे दुसरे काही शोभत नाही. वळचण खऱ्यापेक्षा थोडी पुढे काढा, ३५–४० मिमी. पावसाचा थेंब मोठाच असतो आणि तांबड्या मातीचे शिंतोडे भिंतीवर खिडकीपर्यंत उडतात. इमारतीभोवती मातीऐवजी हातभर रुंद कचेचा पट्टा ठेवला की हा त्रास जवळजवळ संपतो.

इमारत जमिनीला कायमची चिकटवू नका. जोते पक्के, त्यावर दोन खुंट्या, इमारत वरून अडकणारी. छप्परही सुटे निघणारे. मग जून उजाडला की नाजूक वस्तू आत नेता येतात: खिडक्यांची ॲक्रिलिक पाने, दिवे, बाकडी, माणसे. दगड, सिमेंट, कौल बाहेर राहतील. खरी गाडीही पावसाळ्यात नेरळ ते अमन लॉज (माथेरानच्या अलीकडचे स्टेशन) बंदच असते, फक्त अमन लॉज–माथेरान शटल चालते. तुम्हीही त्या काळात एक छोटा तुकडाच चालू ठेवला तर ते तंतोतंत आहे.

दिव्यांसाठी १२ व्होल्टचे पिवळसर एलईडी आणि बागेची केबल पाइपातून. जोड जमिनीखाली करू नका, इमारतीच्या आत करा.

झाडांत पानाचा आकार महत्त्वाचा. उंची छाटून कमी करता येते, पान कमी होत नाही. सेंटिमीटरच्या आसपासचे पान हवे. मालपिघिया, क्युफिया, आफ्रिकन जेड आपल्याकडच्या रोपवाटिकांत मिळतात आणि छाटणी सहन करतात. जेड उंचावर लावा, पाणी साचले की कुजते. ओल्या दगडांच्या फटीत पायलिया मायक्रोफायला आपोआप येते, ती उपटू नका. इतके बारीक नेचे वाटावे असे दुसरे काही नाही. दरीत सेलाजिनेला. गवत हवे तिथे कोरियन लॉन, पण रुळापासून वीतभर दूर आणि मध्ये कडाप्प्याची पट्टी गाडून. वड-पिंपळाच्या जातीचे काहीही, बोन्साय म्हणूनसुद्धा, कुंडीतून थेट जमिनीत लावू नका. त्याची मुळे तुमचा बोगदा उचलतील.

कामाचा क्रमही ऋतूप्रमाणे धरा. फक्कीच्या रेघा पावसात, चर–मोऱ्या–भराव दसऱ्यानंतर, सिमेंटची सगळी कामे दिवाळी ते माघ, कारण तेव्हा माल सावकाश सुकतो. उन्हाळ्यात घरात बसून छपरे, खिडक्या, माणसे. झाडे मृगाच्या सरी आल्यावर. एका वर्षात तिन्ही ठिकाणे करू नका. मी तुमच्या जागी वळण आणि मोरी पहिल्या वर्षी करून एक पावसाळा जाऊ देईन. भराव कुठे बसतो ते तेव्हा कळते, आणि स्टेशनचे जोते त्यानंतर घातलेले बरे.

शेवटी पाटी. पिवळ्यावर काळी अक्षरे, मराठी, हिंदी, इंग्रजी, आणि खाली समुद्रसपाटीपासूनची उंची. छापील कागद प्लास्टिकमध्ये घालून लावू नका, शाई एका उन्हाळ्यात उडते. ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर इनॅमल रंग द्या आणि अक्षरे कापलेल्या व्हिनाइलची लावा. पाट्या करणारा कारागीर हे तासाभरात करून देतो. माथेरानमध्ये दस्तुरी नाक्यापुढे खासगी मोटारी जात नाहीत, त्यामुळे बाहेरच्या रस्त्यावर उभ्या करायला खेळण्यातल्या गाड्या शोधण्याची गरज नाही. तांबड्या मातीची वाट, दोन घोडे, एक हमाल, छपरावर माकड. माणसे उभी करताना एक तरी गाडीकडे पाठ करून ठेवा, सगळेच रुळाकडे बघत असले की स्टेशन खोटे वाटते.